तिसरा सुटतो

“तिसरा सुटतो,” म्हणाल्या खैरनार मॅडम
आणि किल्ली माझ्या हातात न देता
झेनच्या बॉनेटवर ठेवली.

जानेवारी. निफाडला पारा पाचावर.
अंबडला, एक्स्लो पॉइंटच्या मागे, माझं शटर अर्धंच वर.
अशा थंडीत गिअरबॉक्सचं तेल काकवीसारखं होतं,
पहिला टाकताना सगळ्याच गाड्या कुरकुरतात.
त्यावरून निदान करू नये.
आधी गरम होऊ द्यावं,
गाडीला आणि गाडी आणणाऱ्यालाही.
चहा सांगितला.

रहेमतुल्ला मिस्त्री शिकवायचे:
पाना नंतर. आधी कान.
न्यूट्रलला घरघर, क्लच दाबला की गप्प,
तर दुखणं पेटीच्या आत.
क्लच दाबल्यावरच किंचाळली, तर रिलीज बेअरिंग.
हँडब्रेक ओढ, तिसरा टाक, क्लच सोड:
इंजिन गुदमरून बंद पडलं तर प्लेट जिवंत.
नाही पडलं, तर इंजिन नुसतं बोलतंय,
चाकांपर्यंत काही पोचत नाहीये.
स्टेअरिंग पूर्ण कापून गोल फिरव.
कटकटलं, तर जॉइंट.

माझा डावा कान सातपूरच्या प्रेसशॉपमध्ये राहिला,
अकरा वर्षं, तिन्ही पाळ्या.
म्हणून स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीला लावतो
आणि मूठ कानामागच्या हाडाला.
हाडाला सगळं कळतं, जरा उशिरा.

मॅडम चालवत होत्या, मी शेजारी.
पपया नर्सरीचा सिग्नल सुटला,
पुढे महिरावणीपर्यंत रस्ता मोकळा.
ॲक्सिलरेटरवर पाय असेतो तिसरा धरून राहायचा.
पाय काढला की खट्,
दांडा आपोआप न्यूट्रलला,
जेवणाच्या पंगतीतून कुणी न सांगता उठावं तसा.
मागून द्राक्षांचा टेम्पो हॉर्न देत निघून गेला.
“असा दाबून धरला की राहतो,” त्या म्हणाल्या,
डाव्या हाताची शीर ताणलेली, आवाज सवयीचा.

माउंटिंग शाबूत. लिंकेज ठीक.
तेल काढलं, त्यात पितळेची चमक, चिमूटभर हळदीएवढी.
मग सोपानने पेटी छातीवर झेलली, उतरवली,
आणि तिसऱ्या-चौथ्याचा फोर्क बाहेर आला
एकाच बाजूने झिजलेला,
जुन्या विळीच्या पात्यासारखा.

फोर्क असा उगाच झिजत नाही.
गाडी चालवताना हात दांड्यावर विसावला
की त्याचा भार आत फोर्कला लागतो,
फोर्क फिरत्या स्लीव्हला घासतो,
थोडा, रोज थोडा.
गिऱ्हाइकांना मी ओरडून सांगतो:
गिअर टाका, हात काढा. ती काठी नाही टेकायची.
त्यांनाही सांगितलं, इतकं ओरडून नाही.
सवय कुणाची, विचारलं.
आरसी बुकात आधीचं नाव वेगळं, आडनाव खैरनारच.

फोर्क त्या चाचपत राहिल्या, तेलासकट.
“त्यांची. घाटात, सपाटीला, सिग्नललासुद्धा.”
चहाचा ग्लास रिकामा झाल्यावर म्हणाल्या,
“आणि त्यांच्या हातावर माझा.”

मी सोपानला कॉटन वेस्ट आणायला पिटाळलं.
कॉटन वेस्ट समोरच होतं.

बिल: फोर्क नग एक, डिटेंट स्प्रिंग, क्लच प्लेट
(पेटी उतरवलीच आहे तर), तेल, मजुरी.
जुना पार्ट मी पिशवीत घालून परत देतो,
नवा टाकल्याचा पुरावा म्हणून.
पिशवी त्यांनी घेतली नाही.
फोर्क तसाच पर्समध्ये टाकला, चष्म्याशेजारी.

संध्याकाळी पुन्हा महिरावणी.
पाय काढला. तिसरा हलला नाही.
पण मॅडमचा डावा हात
स्टेअरिंगवरून मांडीवर, मांडीवरून दांड्याकडे,
अर्ध्यात थांबला,
मग आरसा नीट करायला गेला. आरसा नीटच होता.

यू-टर्न घेताना उजवा जॉइंट किंचित कटकटला.
त्या बाजूचा कान माझा चांगला आहे.
“चालेल अजून,” मी म्हणालो,
“द्राक्षं संपली की या.”