पाट्या वाचणारा

बडोद्यात, रावपुऱ्याच्या मागे,
पत्र्याच्या थेटरात मी पाट्या वाचायचो.
पगार चौदा रुपये, शिवाय शनिवारी चहा.
चित्र मुकं. त्याचा आवाज म्हणजे मी,
आणि डाव्या हाताला पेटीवर निसार,
जो घोडा आला की दादरा वाजवी,
बाई आली की तोच दादरा सावकाश.

त्या आठवड्यात बैलाशी झुंजणाऱ्याचं चित्र आलं.
स्पेनचा गडी. अंगात जरीची बंडी, पायांत गुडघ्यापर्यंत मोजे,
पोळ्याला सजवावा तसा सजलेला;
बैल मात्र काळा, साधा, बिनझुलीचा.
आणि दोन बायका.
एक त्याची बंडी शिवणारी,
दुसरी सज्जात, पंख्याआडून बघणारी.
त्यांची नावं माझ्या जिभेला वळेनात,
म्हणून शिवणारीला मी म्हटलं सगुणा
आणि पंखेवालीला जमना.
पब्लिकनं मानून घेतलं.
जमना हे नाव कुठून आलं
ते फत्तेपुऱ्यातल्या एका जिन्याला ठाऊक होतं.

पुढे, जमिनीवर, रोज एक म्हातारा बसायचा,
अगडातला जुना साठमार, बाबूमियाँ.
उभी हयात हत्तीपुढे पळण्यात गेलेली,
डावा हात खांद्याच्या वर जात नसे.
पहिल्याच रात्री तो मोठ्यांदा म्हणाला,
"याच्या रिंगणाला खिडक्या नाहीत?"
लोक हसले.
मी अगडाच्या भिंतीतल्या त्या खिडक्या पाहिल्या होत्या:
हत्ती अंगावर आला की माणूस आडवा होऊन शिरायचा
आणि सोंड बाहेर दगड चाचपत राहायची.
एका वेळी एकच माणूस,
तोही पोट आत घेऊन.

शेवटच्या रिळात शिंग लागतं.
रक्त काळं दिसायचं, दौत सांडल्यासारखं.
पडल्या पडल्या त्याचे ओठ हलतात
आणि पाटी येते. एकच शब्द, शिवणारीचं नाव.
सहा रात्री मी इमानानं वाचलं, "सगुणा!"
जनान्याच्या पडद्याआड नाकं ओढली जायची.
सातव्या रात्री,
(दुपारी त्या जिन्यावरचं दार आतून लावलेलं होतं,
तीनदा कडी वाजवली, वर कोणीतरी बांगड्या आवरल्या)
सातव्या रात्री पाटी आली
आणि माझ्या तोंडून निघालं, "जमना!"
पेटीचा एक सूर घसरला.
बाकी कोणाला काही कळलं नाही.

पण पडद्याआड त्या रात्री मथुरा होती.
शेजारणीनं आग्रहानं आणलेली.
मथुरा इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेली;
आमच्या संस्थानात मुलींना शाळा चुकत नसे.
अकरा वर्षांच्या संसारात
तिला वाचता येतं हे मी विसरलो होतो.

घरी तिनं पान वाढलं. खिचडी, कढी.
माझं होईपर्यंत समोर बसली.
मग कंदिलाची वात खाली करताना म्हणाली,
"सगळा खेळभर ज्या नावाला सगुणा म्हणालात,
शेवटीही तेच नाव होतं."
एवढंच. जमना कोण, ते विचारलं नाही.
वात फार खाली गेली होती, ती पुन्हा वर केली,
आणि ताट उचललं.

सकाळी चित्र पत्र्याच्या डब्यांतून नडियादला गेलं.
मी अगडात गेलो. हत्ती नव्हता, गर्दी नव्हती,
बाबूमियाँ भिंतीच्या सावलीत विडी ओढत होता.
मी विचारलं, "आत शिरल्यावर पलीकडे काय असतं?"
"गवत," तो म्हणाला. "आणि लोकांचा आरडाओरडा.
ऐकू येतो, दिसत कोणी नाही."
मी कोट काढून त्याच्या हातात दिला, आडवा झालो,
आधी हात, मग खांदा,
आणि कमरेशी अडकलो.
ना आत, ना बाहेर.
त्यानं विडी संपवली, सावकाश,
मग माझं मनगट धरलं.
"हत्ती नाही ते बरं, मास्तर," म्हणाला.