नावापुढचे खिळे

सावद्याला स्टेशन रस्त्यावर माझा छापखाना होता:
एक ट्रेडल, चार केसी खिळे,
भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने.
त्याचं पहिलं हँडबिल मी छापलं,
विविध कार्यकारी सोसायटी, सहासष्ट साल.
सुपडू तोताराम भारंबे. नावापुढे काहीच नाही.
आधीची तीन गेली म्हणून आईनं सुपात घालून
उकिरड्याशी ठेवलेला,
पसाभर ज्वारी देऊन शेजारणीकडून परत घेतलेला.
म्हटलं, नाव जरा बदलू का?
"राहू दे. लोक विसरत नाहीत."

प्रुफं वाचायला रात्री माझ्याकडेच बसायचा.
खिळे उलटे वाचायला
मला वर्ष लागलं होतं,
त्याला आठ दिवस.

मग नावाआधी एकेक येत गेलं.
सभापती. आमदार. पुढे ना., टिंबासकट.
मत द्या, मत द्या छापून
माझे म झिजले, पोटं बुजली त्यांची.
चिन्हाचा ठोकळा दोनदा बदलला.
जुने मी फेकले नाहीत,
ट्रेडलच्या पायाखाली सारले. हलायची ती.
पाटबंधारे खातं होतं अडीच वर्षं:
पाटचारी आमच्या शिवारात आली,
शेजारच्या शिवारात नाही.
दोन्ही गावांनी ते ध्यानात ठेवलं.
(चौऱ्याऐंशीचं बिल अजून येणं आहे.)

तिकीट कापलं, आणि सहा महिन्यांनी
दिल्लीचा फोन: राज्यपाल.
कुठलंसं डोंगराळ राज्य,
नकाशात बघायला मी शाळेत गेलो.
इथं घड कच्चाच तोडून वॅगनीत भरतात,
दिल्ली येईतो पिकतो.
याला मात्र गळायला आल्यावर भरला.
सत्काराच्या पत्रिकेवर महामहिम.
एका शब्दात तीन म,
माझ्याकडे एकही धड नाही.
भुसावळहून उसने आणले.

तिथं त्याचं माझ्याकडचं काम संपलं.
राज्यपालाला मत कोण देतं?
दिवाळीला कार्ड यायचं, सोनेरी राजमुद्रेचं, ऑफसेटवरचं.
मी बोट फिरवून बघायचो:
अक्षर कागदात रुतलेलं नसायचं.
एकदा मागे हातानं लिहिलं होतं,
"भाषण दुसरेच लिहितात, मी वाचतो.
'माझं सरकार' बावीस वेळा येतं. मोजलं."

आणि ती रात्र.
पेपरात आली तेवढीच मला ठाऊक.
एकतीस आमदारांच्या सह्यांचं पत्र,
त्यातल्या चार एकाच हातच्या, म्हणे.
पहाटे सव्वापाचला शपथ.
कोर्टानं अकरा दिवसांत पुसली.
नंतर दिल्लीत दुसरे आले,
आणि याला घरी पाठवायला
एक ओळ पुरली.

आला तो संध्याकाळी, भाच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून.
छापखाना बंदच होता, केसी तेवढ्या होत्या.
"कार्डं छाप शंभर."
नावापुढे काय टाकू, माजी?
बोलला नाही. स्टिक उचलली,
चष्मा कपाळावर सारून
स्वतःच खिळे वेचू लागला. सु. प. डू.
हात विसरला नव्हता.

तेव्हा मी विचारलं:
भाऊ, ते पत्र.
तुम्हाला तर उलटंही वाचता येतं.

बाहेर केळीचा ट्रक मागे घेत होते,
कुणीतरी येऊ दे येऊ दे ओरडत होतं.
"दिसल्या मले सह्या," तो म्हणाला.
"काबरं नई दिसतीन?
फोन आधी आला होता."

भा चा खण रिकामा निघाला.
म्हटलं, उद्या आणतो भुसावळहून.
बरं म्हणाला, हाताची शाई
रुमालाला न पुसता गेला.

भुसावळला मी दोनदा जाऊन आलो त्यानंतर,
दुसऱ्याच कामांनी.
स्टिक तशीच आहे, दोऱ्यानं बांधलेली.
ट्रेडल पुन्हा हलायला लागलीय,
खालचा एक ठोकळा सरकला असावा.
वाकून बघायचं राहतंय.