काही नाही, असंच

उद्यमनगरात सव्वीस वर्षं ओतकाम केलं.
ग्राइंडर चालू असला की शेजारच्याचा शब्द
त्याच्या तोंडातच वितळतो,
म्हणून आम्ही हातानं बोलायचो.
बोट वर धरून गरगर फिरवलं, उचल.
तळवा जमिनीकडं, हळू, खाली घे.
मूठ मिटली, थांब.
क्रेनवरचा मुतगेकर नुसत्या हातावरनं ओळखायचा
आज मी घरात भांडून आलोय.

आणि घरी
श्रेणिकला म्हणायचो, बोल. तोंडानं बोल.
तो तीन वर्षांचा असताना कानातलं मशीन आलं,
त्यासाठी हिच्या पाटल्या गुजरीत गेल्या.
गेलेल्या सोन्याचा नाद
मला पोराच्या तोंडून ऐकायचा होता.
"गाडी" म्हणाला तेव्हा पेढे वाटले,
मग येईल त्या पाहुण्यापुढं उभा केला,
म्हण रे, गाडी म्हण.

दिवस मावळायच्या आत जेवायची आमच्यात रीत.
पाच माणसं, पाच तोंडं,
घास, हसू, अर्धी वाक्यं.
त्याची मान इकडनं तिकडं,
नेहमी एक वाक्य उशिरा.
सगळे हसले की तोही हसायचा,
मग विचारायचा, काय झालं?
काही नाही रे, असंच.
नंतर सांगतो.

ती सगळी "नंतर" साठली असतील कुठंतरी,
माळ्यावर, गादीखाली.

बारावीत त्यानं विचारणं सोडलं.
आम्हाला वाटलं, पोरगं शहाणं झालं.

मशीन ड्रॉवरमध्ये, बॅटरी काढून.
मित्रांच्या ग्रुपवर सगळे आवाजातच निरोप टाकतात,
तो एकेक उघडून
नुसती हलणारी रेघ बघत बसायचा.
क्लासला म्हणून निघायचा, रंकाळ्यावर सापडायचा.
रात्री आठलाच दिवा घालवायचा.
ज्याला ऐकू येत नाही त्यानं दिवा घालवला
म्हणजे आतनं कडी लावली,
हे मला कोण सांगणार?
एकदा ही म्हणाली, "बघून येतो, झोपलाय का."
आली ती पदराला हात पुसत.
"उशी भिजलीय," एवढंच.

सीपीआरमध्ये बाईंनी त्याला विचारलं, त्यालाच,
हातानं: झोप लागते का?
हाताबरोबर ओठही हलले, म्हणून मला कळलं.
मी म्हणालो, "लागते की."
माझ्याकडं न बघताच
बाईंनी मूठ मिटली.

सव्वीस वर्षांची सवय. थांबलो.

मग पोराचे हात सुटले.
अर्धा तास, भट्टीचं तोंड उघडावं तसे.
मला दोनच खुणा कळल्या,
जेवण, आणि हसणं.
त्या दोन्हींच्या मध्ये काय होतं
ते बाईंनी नंतर सांगितलं.
नाही. नंतर नाही.
तिथंच, लगेच, त्याला विचारून.

आता दर गुरुवारी त्याच्याचकडनं शिकतो.
बोटं जाड, दोन भाजलेली, वळत नाहीत.
परवा "दमलास का" विचारायला गेलो
तर खुर्चीवरनं पडेतोवर हसला.
काय झालं, म्हटलं.
सांगितलं त्यानं, लिहून:
बाबा, तुम्ही मला
गंगावेशीतली म्हैस किती दूध देते विचारलंत.

सगळं बरं झालंय असं नाही.
काही रात्री दिवा अजून लवकर जातो.
काल तर लाईटच गेली सगळ्या गल्लीची.
मी तांब्याला टेकवून मोबाईलची बॅटरी लावली,
उजेड माझ्याच हातांवर घेतला,
विचारलं, आज काय झालं?

त्यानं सांगितलं. कळलं नाही.
परत सांगितलं.
चौथ्यांदाही कळलं नाही तेव्हा हात झटकले,
मला वाटलं, आता म्हणणार, काही नाही.

थोडा वेळ ज्योतीविना उजेडाकडं बघत बसला,
मग उजेडात हात आणले,
तळवा जमिनीकडं,
हळू,
आणि पहिल्यापासून सुरू केलं.