बद्द वाजणारा दगड

वाघोलीच्या खाणीत आप्पा
हातोडीचा दांडा सैल धरून दगडावर एकदाच मारायचे.
खणखणला की ठेवायचे.
बद्द वाजला की म्हणायचे,
"ह्यो आतनं गेलेला हाय. टाक तिकडं."

मी एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर,
नेमका तसलाच दगड कापतो.
काळा नाही. पुण्याखाली सगळा काळाच,
लाव्ह्याचे थर, भाकरीच्या चळतीसारखे.
हा पांढरट. समुद्राच्या तळाखालून,
दोन किलोमीटर खोल विहिरीतून आलेला,
पेटीत, फोमवर, आजाऱ्यासारखा निजवलेला.
सोबत ड्रिलरचा कागद:
बिट अचानक दीड मीटर खाली. चिखल परत येत नाही.
म्हणजे तिथे खडकच नव्हता.

केळशीकर मॅडम नव्या मुलांना शिकवतात
तेव्हा मी करवत बंद ठेवतो.
समुद्र होता, उथळ, कोमट.
शिंपले मेले, त्यांचा चुना, चुन्याचा खडक.
मग समुद्र मागे सरला, खडक उघडा पडला.
पाऊस तसा किंचित आंबटच,
मातीतून झिरपताना आणखी आंबटला.
त्याने भेगा चाटल्या, भेगांची भुयारं केली,
भुयारांतून नद्या वाहिल्या
ज्यांना नाव द्यायला कुणी नव्हतं.
छतं कोसळली, तुकड्यांचे ढीग झाले.
लाल माती फटीत बसली. अजून आहे,
मी बोट लावून पाहिलंय.
मग समुद्र परत आला
आणि चिखल टाकत राहिला, टाकतच राहिला,
गुहा, ढिगारे, सगळं पुरलं जाईपर्यंत.
फार नंतर, आणखी खालच्या गाळात शिजलेलं तेल
फटी शोधत वर चढलं.
वरचा चिखल पुढे जाऊ देईना,
तेव्हा तिथेच थांबलं,
ज्या जागा पावसाने कुणासाठीच केल्या नव्हत्या
त्या जागांत.

"म्हणजे खाली तेलाचं तळं?" एक मुलगी विचारते दरवर्षी.
नाही गं, मॅडम म्हणतात. पुरलेला पाऊस म्हण.

मग माझी पाळी.
निळी राळ दाबून भरायची दगडात.
जिथे काही नाही तिथे निळं होतं.
मग काप, काचेवर चिकटव, घास,
तीस मायक्रॉनपर्यंत, दगडातून उजेड येईपर्यंत.
मॅडम निळं मोजतात. शेकडा चौदा. खूश.
उरलेल्या शहाऐंशींनी छत धरून ठेवलंय
त्यांची चौकशी कुणी करत नाही.
घरी जाताना नळ स्टॉपच्या पंपावर
दोनशेचं टाक म्हणतो, मीटरकडे बघत.

आप्पांचे कान क्रशरने नेले.
एका रविवारी राळेचा उरलासुरला तुकडा,
पेढ्याएवढा, त्यांच्या हातावर ठेवला.
"हे निळं काय?"
"काहीच नाही," मी म्हणालो. मग ओरडून म्हणालो.
त्यांनी नखाने टिचकी मारली, कानाशी नेला.
सवय.
मग अंगठा फिरवत राहिले पोकळीच्या कडेवरून,
गोल, गुळगुळीत, कुठल्याच छिन्नीची नसलेली कड.

"पाणी गेलंय हितनं," म्हणाले. "लई दिस."

टाक तिकडं म्हणाले नाहीत.
तुकडा परतही दिला नाही.