एका अक्षराची जागा

कॅम्पातल्या जुन्या दफनभूमीत, तिसऱ्या रांगेत,
सुरूच्या झाडाखाली एक थडगं.
दगड गोकाकचा, अजून टणक.
एकच शब्द बदलायचा.
अक्षरामागं बारा रुपये,
खरवडायचे वेगळे नाहीत.

डिमेलो मास्तरांनी कागद उलगडला,
अमेरिकेहून आलेला.
एझ्रा हॅल्कम, नौदलातला.
चौदाव्या वर्षी जहाजावर चढला.
(मीही चौदाव्याच वर्षी छिन्नी धरली,
अनगोळात, आबाच्या हाताखाली.
त्यानं दोर ओढले, मी ओळी.)
मग चीनचा किनारा, पिवळा ताप,
एक बढती,
दुसरी सात वर्षं अडलेली.
मग त्यांची आपसातच लढाई,
उत्तर आणि दक्षिण.
सख्खा भाऊ समोरच्या जहाजावर.

मास्तर थांबले, चष्मा पुसत बसले.
म्हटलं, वाचा की ओ.
माझी बहीण चंदगडात दिलेली,
मी इकडं.
रेष काय असती ते ठाऊक आहे आम्हाला.
तोफ तेवढी नव्हती.

लढाई संपली, पगार अर्धा झाला.
कुठल्याशा व्यापारी जहाजातून
वेंगुर्ल्याला उतरला तो तापानं फणफणलेला.
कुणी म्हणालं, बेळगावची हवा चांगली.
बैलगाडीनं घाट चढवला.
जन्मभर समुद्रसपाटीला राहिलेला माणूस
अडीच हजार फुटांवर
एकोणीस दिवस जगला.

बढतीचं पत्र तीन महिन्यांनी आलं.
तोवर दगडावर 'लेफ्टनंट' कोरून झालेलं.
आता 'कमांडर' करायचं.
पैसे धाडलेत ते भावाच्या पणतीनं.
कुठला भाऊ, मी विचारलं.
तोच, मास्तर म्हणाले.

खरवडायला मला शिकवावं लागत नाही.
हुकूम आला तेव्हा
माझ्याच हातची गावांची नावं
मीच काढलीत वेशीवरच्या दगडांवरनं.
कितीही घासा, तिथं खळगा राहतोच,
बोट फिरवलं की लागतो.

इंग्रजीत लेफ्टनंटची अक्षरं दहा,
कमांडरची नऊ.
एकशे आठ रुपये झाले.
शेवटी एका अक्षराची जागा उरली,
नुसतीच खोलगट.
मास्तर म्हणाले, इथं टिंब दे, नाहीतर नांगर काढ,
जहाजाचा.
मी म्हटलं, मला येतो तो शेतातला.

राहू द्या तशीच.
पत्र वाटेत होतं ते तीन महिने
कुठंतरी ठेवायला पाहिजेत की.