आतल्या बाजूनं

वडगावात संध्याकाळी माग थांबले
की कानांना चुकल्यासारखं होतं.
मग मी ट्रंक ओढते.
ट्रंकेत काठ: किलोवर घेतलेले, साड्यांतून उरलेले,
एक आमसुली, दोन कुसुंबी,
आणि एक मोरपंखी,
जो कुणाचा, हे तीन वर्षं ठरत नाहीये.

खडेबाजारच्या प्रेसमधून अप्पय्या
चुकलेल्या पत्रिका ठेवतो माझ्यासाठी.
कुणाचा मुहूर्त बदलला,
कुणाच्या मामाचं नाव गळलं;
गठ्ठाभर पत्रिका, सगळ्यांत तीच एक चूक.
मागची बाजू कोरी असते, तेवढी मला पुरते.
चमच्याच्या पाठीनं घडी दाबायची,
मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद,
नाहीतर झुरळं शुभेच्छा खातात.

दिलशादभाभीला ईदेला चंद्र शिवून दिला, कागदावरच.
आधी सुईनं नुसती भोकं पाडायची, दोरा नंतर,
घाई केली की कागद फाटतो.
तिच्या नवऱ्यानं विचारलं, केळं काय हे?
ते केळं अजून त्यांच्या शोकेसात आहे.
नेमगोंडा मास्तर रिटायर झाले, त्यांना चष्म्याचं घर.
जाऊबाईला अभ्रा दिला, नक्षीचा,
तिनं तो मिक्सरला घातला.
असो.

गंगव्वाची गोष्ट वेगळी.
चौतीस वर्षं आमची एकच भिंत.
ती कन्नडातून भांडायची, मी मराठीतून,
आणि कुणाच्याही घरी कुकरची शिट्टी झाली
की दोघी एकदम गप्प, मोजत.
माग भंगारात गेला तशी ती
लेकीकडे बैलहोंगलला गेली.

नात झाली. फोनवर नाव सांगितलं, स्फूर्ती.
मी म्हटलं, झबल्यावर काढते, तुमच्या अक्षरात.
म्हणून बसले.
कन्नड मी बोलते, झोपेतही बोलते म्हणे,
पण लिहायला कुणी बसवलं नाही कधी;
बसची पाटीसुद्धा आत चढणाऱ्यांच्या तोंडांवरून वाचत आले.

शेजारच्या बसूनं लाइट बिलाच्या पाठीवर लिहून दिलं.
एका अक्षराच्या पायाशी दुसरं अक्षर,
जसं पाळण्याखाली कुणी मांडी घालून
दोरी धरून बसावं.
कापड ह्यांच्या धोतराचं,
धुऊन धुऊन साय झालेलं.
कार्बन ठेवून गिरवलं,
हिरवा दोरा, साखळी टाका, चार रात्री.
सकाळच्या बसला कंडक्टरच्या हातात पुडकं दिलं,
वर कार्ड, त्यावर मला जमतो तेवढा एक पोपट.

फोटो आला. पोरगी, झबलं, मूठ.
बसू बघून हसला नाही, तेव्हाच कळलं.
काकू, हे उलटं आहे. आरशातल्यासारखं.

धोतर इतकं विरलेलं
की निळी रेघ दोन्हीकडून सारखीच दिसत होती.
कधी पालटलं गेलं हातात, कुणास ठाऊक.
चार रात्री मी एका लेकराचं नाव
मागून पुढं शिवत होते,
आणि खुशाल शिवत होते.

फोन केला. म्हटलं, पाठव परत, उसवते.
पलीकडं काहीतरी फोडणीला पडलं.
मग गंगव्वा म्हणाली,
"उसवायचं कशाला?
मला तरी कुठं वाचाय येतंय.
जावयानं वाळत घालताना पालटून बघितलं.
आतनं बरोबर हाय की गे.
अंगाला लागतंय तिथं बरोबर हाय."

मी काही बोलले नाही.
तीही नाही.
शिट्टी कुणाच्याच घरी झाली नव्हती.

आता टोपडं शिवायचं आहे.
बसूला म्हटलंय, रविवारी ये, पाटी घेऊन ये,
पहिल्या अक्षरापासून सांग,
आणि हसायचं असेल तर हस बाबा,
तसं गप्प बसू नकोस.
मोरपंखी काठ काढून बघितला दिव्याखाली.
परत ठेवला.
टोपड्याला टोचेल तो.