शीग

दुपारचे अडीच. सोहारच्या इस्पितळात
रिपोर्टिंगची खोली तेवढी रात्र पाळते.
बाहेर ऊन इतकं, की बंदरावरच्या क्रेन
पांढऱ्यावर पांढऱ्या.
आत मी, खार्टूमची डॉक्टर इल्हाम,
आणि चाळीस पाठींचे एमआरआय, नावं झाकलेली.

काम सांगायला सोपं:
कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या कडेला
हाड जिथे ओलसर दिसतं
तिथे माऊसने रेघ ओढायची, वरून खाली. मिलिमीटर.
इल्हामने वेगळं मोजायचं, मी वेगळं,
सहा आठवड्यांनी दोघींनी पुन्हा,
आधीचं न बघता.

लांज्याजवळ आमची भातगिरणी होती.
बाबा पायली भरताना एक म्हणायचे नाहीत,
लाभ म्हणायचे. लाभ, दोन, तीन.
शीग लावायची की फळी फिरवून सपाट करायची
हे आधी ठरवायचं, गिऱ्हाईकाचं तोंड बघून नाही.
मापात पाप नको,
बाकी त्यांनी मला फारसं काही शिकवलं नाही.

पण मणक्याच्या या कडेला फळी कुठून फिरवू?
पांढरं हळूहळू करडं होत जातं,
करडं हळूहळू नेहमीचं,
आणि मध्ये एकही जागा अशी नाही
जी म्हणेल, इथवर आजार, पुढे नुसतं हाड.
त्या उतारावर मी एक टिंब ठेवते,
संगणक लगेच सांगतो: आठ पूर्णांक दोन.
दशांशचिन्हाचा रुबाब असा
की वाचणारा खुर्चीत सरळ होऊन बसतो.

निकाल आला.
दोघींचं किती जुळतं, त्या आकड्याला कप्पा म्हणतात.
शून्य पूर्णांक चौसष्ट.
बरा आहे, छापण्याजोगा आहे, इल्हाम म्हणाली
आणि खजुराचा डबा पुढे सरकवला.
मला हसू आलं. तिला कसं सांगू,
आमच्याकडे कप्प्यात सुटी बटणं असतात,
जुन्या पावत्या,
कुलूप हरवलेल्या किल्ल्या.

मग माझं माझ्याशी.
त्याच पाठी, तीच मी, तीच खुर्ची,
आणि हात तीन मिलिमीटर इकडे किंवा तिकडे.
दरवेळी नाही. पण तीनपर्यंत.

नावं उघडली. एकोणिसावी पाठ
मुबीन सर्गुरोहची निघाली.
हर्णैचा. नऊ वर्षं क्रेनवर.
फेब्रुवारीत त्याच्या रिपोर्टात मी लिहिलं होतं,
गेल्या वर्षी आठ, आता अकरा.
आणि त्यापुढे एक शब्द: वाढ.
कंपनीने तेवढाच वाचला.
त्याला वरून उतरवून गेटवरच्या केबिनमध्ये बसवलं,
उंचीचा भत्ता कापला.

ती सगळी वाढ
माझ्या हाताच्या थरथरीत मावत होती.

मी फोन केला. मागे ट्रकचे हॉर्न.
म्हणजे वाढलंच नाही, डॉक्टरीणबाई?
तसंही सांगता येत नाही, मुबीनभाई.
मग कमी झालं?
तेही नाही.
तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला,
दुखतंय मात्र रोज. सकाळी जास्त.
मी म्हटलं, हो.
याहून बरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी पुरवणी रिपोर्ट लिहायला घेतला.
अकरा, अधिक-उणे तीन.
बदल झाल्याचे खात्रीने म्हणता येत नाही.
कंपनीच्या फॉर्मवर चौकट एकच, आकडा एकच बसेल अशी.
अधिक-उणे मी समासात लिहिलं,
शाईने, आडवं,
खाली सही, सहीखाली तारीख.

फोन ठेवताना तो सांगत होता,
वरून जहाजं मोजायचो,
रांगेत उभी असायची, कधी बारा, कधी चौदा.
मी विचारलं, नक्की किती?
धुकं असलं की काय सांगावं, म्हणाला.
आता खालून फक्त टायर दिसतात.